वस्तऱ्याच्या पाठीवरचं सोनं

जर्मनीतल्या आमच्या झोलिंगेनमध्ये कॅथलिक मुलीने प्रॉटेस्टंट मुलाशी लग्न ठरवलं, तर दोन्हीकडच्या आत्या-मावश्या आठवडाभर डोळे पुसतात आणि मग केक कुठून मागवायचा ह्यावर बोलणी सुरू होतात. मी प्रॉटेस्टंट, रोसविता कॅथलिक. त्यावरून आमच्या घरी कोणी चकार शब्द काढला नाही. अडचण निराळीच होती. आमच्या घरात आजोबांपासून वस्तऱ्याला धार लावतात आणि तिच्या घरात आजोबांपासून वस्तऱ्यावर सोन्याचा मुलामा देतात.

परक्या माणसाला ह्यात अडचण दिसत नाही. परक्या माणसाची अशी समजूत असते की वस्तरा कोणीतरी एक माणूस बनवतो. आमच्याकडे एक जण पोलाद ठोकतो, दुसरा ते घासून मधून खोलगट करतो, तिसरा चकाकी आणतो, चौथा तेजाबाने नक्षी काढून मुलामा देतो, पाचवा मूठ बसवतो आणि शेवटचा धार लावतो. ह्यातल्या प्रत्येकाचं मत असं, की खरा वस्तरा त्याच्याच हातून होतो. बाकीचे लोक आधी किंवा नंतर येऊन त्यात ढवळाढवळ करतात. वस्तरे घरोघरच्या लहान कारखान्यांतून फिरत राहतात आणि हे मत त्यांच्याबरोबर फिरत राहतं. लोक सहसा एकमेकांना भेटत नाहीत. म्हणून गाव टिकलं.

ही गोष्ट एकोणीसशे बासष्टची. तोवर जगाने वस्तरा जवळजवळ सोडला होता. माझे वडील, एवाल्ट बेर्टराम, ह्यांना ते मान्य नव्हतं. विजेवर चालणारं दाढीचं यंत्र ही त्यांच्या मते एक लाट होती. “फ्रेंच सैन्यही असंच आलं होतं,” ते म्हणत, “कुठे आहे आता?” मी गावातल्या हायस्कुलात भूगोल शिकवत असल्याने फ्रेंच सैन्य सध्या कुठे आहे हे मला सांगता आलं असतं, पण पपांना उत्तर नको असायचं.

शिवाय माझीच बाजू लंगडी होती. वर्षभरापूर्वी वाढदिवसाला रोसविताने मला ते यंत्र दिलं होतं. शाळेतल्या नकाशांच्या कपाटात, दक्षिण अमेरिकेच्या गुंडाळीमागे मी ते ठेवत असे, आणि पहिली घंटा होण्याआधी खिडकीच्या काचेत बघून दाढी उरकत असे. घरी रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून तोंडाला फेस फासायचो, फेस पुसायचो आणि शीळ घालत बाहेर यायचो. माझी दाढी भुरी आणि विरळ आहे. सकाळच्या कॉफीच्या उजेडात ती कोणाच्या नजरेत भरत नाही. दर शनिवारी पपा माझा वस्तरा मागून घेत, धारेवरून अंगठा आडवा फिरवत, चामड्याच्या पट्ट्यावर दोन-चार हात मारत आणि प्रसन्न चेहऱ्याने परत देत. त्या प्रसन्नतेचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

आमच्या उतारावरच्या घरांत रीत अशी, की सासरा जावयाला वस्तरा देतो आणि लग्नाच्या सकाळी नवरा मुलगा दोन्ही बापांसमोर त्या वस्तऱ्याने दाढी करतो. मग तिघे मिळून एकेक पेला घेतात आणि चर्चला जातात. मुलाला दाढी नीट येते का, हे मुलीकडच्यांनी बघून घ्यावं असा ह्या रीतीचा मूळ हेतू असावा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे हुगो लिंडलार ह्यांनी, वस्तरा स्वतः सजवायला घेतला. घेणारा व्यापारी नाही, मागणी नाही, भाव नाही. पहिल्यांदाच कोणी त्यांना थांबवणारं नव्हतं.

लिंडलार एका रविवारी दुपारी कॉफीला आले. आईने वाफल केले होते, गरम चेरी होत्या, दालचिनी घातलेला दूधभात होता, आणि मधोमध आमचं तीन पायांचं कथलाचं कॉफीचं भांडं थेंब थेंब गळत उभं होतं. लिंडलार उंच, आणि त्यांची दाढी छातीपर्यंत. ही दाढी त्यांनी तरुणपणीच ठेवली होती. तेजाबाच्या वाफांनी गालाची आग होते म्हणून, असं ते सांगत. पपांचं म्हणणं असं, की वस्तऱ्याच्या धंद्यातला दाढीवाला माणूस म्हणजे मांस न खाणारा खाटीक.

त्यांनी मऊ कातड्याची गुंडाळी उलगडली आणि वस्तरा उघडून टेबलावर ठेवला. मी भूगोलाचा माणूस, मला दागिन्यांतलं कळत नाही, पण ते पातं पाहून मला वाटलं की आपण एवढे चांगले नाही. पात्यावर बारीक अक्षरांत आम्हा दोघांची नावं होती. आणि पाठीवर, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूच्या जाड कडेवर, दोन्ही अंगांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सोन्याचा द्राक्षवेल गेला होता. पानाच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ.

आईने हात पुसून चष्मा लावला. पपांनी नेहमीप्रमाणे आधी धारेची कड पाहिली, मग पातं उलटं केलं.

“हेर लिंडलार, हे काय आहे?”

“द्राक्षाचा वेल.”

“ते दिसतंय. कुठे आहे?”

“पाठीवर.”

“पाठीवर. म्हणजे जी दगडावर टेकते त्या पाठीवर.”

“वस्तऱ्याला आणखी एखादी पाठ असते का, हेर बेर्टराम?”

इथे दोन शब्दांत सांगायला हवं. वस्तऱ्याला धार लावताना पातं दगडावर आडवं निजवतात. धार आणि पाठ दोन्ही एकदम दगडाला टेकतात आणि दोन्ही एकदम झिजतात. कोन हाताने धरावा लागत नाही, पाठच तो धरते. म्हणून पाठीवरचं सोनं दगडावर चार हात फिरले की जायला लागतं. मुलामेवाल्यांना हे ठाऊक असतं. त्यामुळे ते पाठीच्या वाटेला जात नाहीत. लिंडलार गेले होते.

“तुम्हाला ठाऊक नव्हतं असं तर मी म्हणणार नाही,” पपा म्हणाले.

“ठाऊक आहे. म्हणून तर हे आणलंय.” लिंडलारांनी खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढून दूधभाताच्या वाडग्याशेजारी ठेवलं. “पाठीवर ही लावा आणि मग खुशाल धार लावा. झालं की पट्टी काढून टाका. हॅम्बुर्गला हल्ली सगळे असंच करतात.”

पपांनी रीळ हातात न घेता वाकून वाचलं. “विजेच्या तारांना लावतात ती ही.”

“कशालाही लागते.”

“हेर लिंडलार, पाठ आणि धार ही एकत्र जन्माला आलेली जोडी आहे. एक झिजली की दुसरी तेवढीच झिजते, कोन तोच राहतो. शंभर वर्षांनीही तोच. तुम्ही एकीला कोट चढवलात आणि दुसरीला उघडी ठेवलीत. आज पट्टी लावली की जन्मभर लावायची. उद्या हा पोरगा कुठे परगावी गेला, तर दगडाबरोबर वायरमनचं रीळ घेऊन हिंडणार?”

“केसाच्या जाडीची पट्टी आहे, हेर बेर्टराम. केसाच्या!”

“आणि वस्तरा काय कापतो? ओंडके? केसच कापतो ना?”

आईने चेरींचं भांडं पुढे सरकवलं. कोणी घेतल्या नाहीत.

“ऐका,” लिंडलार हळू आवाजात म्हणाले. “जन्मभर मी जे केलं ते परक्यांच्या तोंडावर फिरलं. कोण ब्राझीलचा, कोण तुर्कस्तानचा. कोणी बघितलं का, हेही मला ठाऊक नाही. हा एकच वस्तरा माझ्या घरात राहणार आहे. माझ्या मुलीच्या न्हाणीघरात. आणि तो तुम्ही पहिल्याच दिवशी खरवडणार?”

“तुमच्या नक्षीबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती चुकीच्या जागी आहे.”

“तुमच्या मते पात्यावर धार सोडून जे काही असतं ते चुकीच्या जागीच असतं.”

“हे आज पहिलं बरोबर बोललात.”

लिंडलार उठले. त्यांनी वस्तरा आणि रीळ दोन्ही टेबलावरच ठेवलं. “पट्टी लावून धार झाली तर ठीक. सोनं गेलं, तर मी चर्चला येणार नाही.”

“आणि पट्टी लावून ती धार माझी म्हणून लोकांना दाखवायची असेल,” पपा म्हणाले, “तर मीही येणार नाही. लग्न सुखाने करा.”

चेरी गार झाल्या. भांडं गळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रोसविता मला वुपर नदीच्या काठी भेटली. ती औषधाच्या दुकानात काम करते. माणूस आत शिरताच त्याला काय झालंय हे तिला कळतं आणि तो सांगत बसला तर तिला कंटाळा येतो.

“आमचे पपा मुकाट्याने जेवले,” ती म्हणाली. “म्हणजे ठरलं. येणार नाहीत.”

“रागाच्या भरात माणूस बोलतो.”

“नॉर्बर्ट, तू त्यांना ओळखत नाहीस. ट्राउडे आत्याच्या लग्नाला ते गेले नाहीत. केक कापायच्या सुरीवर त्यांनी गुलाब काढला होता आणि आत्याच्या नवऱ्याने ती सुरी भांडी घासायच्या पावडरने घासली. मी तेव्हा पाळण्यात होते. अजून ते त्या घराची पायरी चढलेले नाहीत. नाताळला आत्या आमच्या फाटकापर्यंत येते, बिस्किटांचा डबा फाटकावर ठेवते आणि जाते.”

“माझे पपा तसे नाहीत.”

“तुझे पपा शेजारच्या हेर श्मिट्सशी बोलतात?”

आमच्या शेजारचे श्मिट्स एकदा आमच्या दगडावर गवत कापायची कात्री लावून गेले होते. मी विषय बदलला.

“हे बघ,” रोसविता म्हणाली, “मला चर्चमध्ये दोन्हीकडच्या पहिल्या बाकांवर दोन्ही बाप हवेत. एकही रिकामा बाक घेऊन मी लग्न करणार नाही. कारण तो बाक मग आयुष्यभर रिकामा राहतो. बारशाला रिकामा, नाताळला रिकामा. मला फाटकावर डबे ठेवायचे नाहीत.”

“मग करायचं काय?”

“तुझे पपा कशाला नाही म्हणत नाहीत?”

मी विचार केला. “कोणी म्हटलं की तुम्हाला हे जमणार नाही, तर.”

“माझेही तसेच,” ती म्हणाली. “मग सोपं आहे.”

तिने काय निरोप कुठे पोचवला हे मला ठाऊक नाही. एवढं खरं, की शनिवारी दुपारी लिंडलार आमच्या मागच्या कारखान्यात खुर्चीवर बसले होते आणि पपा ड्रॉवरमधून दोन साधे वस्तरे काढत होते. एकाच वेळी ठोकलेले, एकाच हाताने घासलेले, सोन्याचा कण नसलेले. असे वस्तरे आमच्या ड्रॉवरमध्ये बरेच होते. त्या वर्षी ते कोणी मागत नव्हतं. ठरलं असं, की एकाला पपांनी पट्टी लावून धार लावायची, दुसऱ्याला बिनपट्टीची. मग माझा एक गाल एकाने आणि दुसरा दुसऱ्याने करायचा. कुठला कुठे, हे फक्त आईला ठाऊक. आणि निकाल मी द्यायचा, कारण तोंड माझं.

“पट्टीवाला तुम्ही मुद्दाम वाईट लावाल,” लिंडलार म्हणाले.

पपांचा हात थांबला. “वाईट लावीन? मी? मुद्दाम?” त्यांना राग आला नव्हता, ते खरोखर बुचकळ्यात पडले होते. “ते कसं करतात?”

लिंडलारांनी एवढं मान्य केलं, की ते कसं करतात हे पपांना माहीत नसावं.

पपांनी पट्टी अशा चेहऱ्याने लावली, जणू श्मिट्सच्या कुत्र्याला मलमपट्टी करताहेत. पण लावली ती सरळ. नंतर पिवळ्या बेल्जियन दगडावर पाण्याचे थेंब टाकून त्यांनी एकेक वस्तरा निजवला, आणि मग कारखान्यात फक्त तो आवाज राहिला. मी ह्या आवाजात वाढलो. कोणीतरी रेशमाचा तागा सावकाश उलगडतंय असा तो आवाज असतो. लिंडलार पुढे वाकून बघत होते. इतकी वर्षं त्यांचं काम ह्या दगडावरून गेलं होतं आणि दगड ते आज पहिल्यांदा बघत होते.

मग आईने माझ्या गळ्याभोवती पंचा गुंडाळला, पपांनी फेस केला आणि मी मान मागे टाकली. आईने एक वस्तरा दिला. डावा गाल. दुसरा दिला. उजवा गाल. पपांचा हात हलका होता. लहानपणी ताप आला की कपाळावर ठेवायचे, तसा. सगळं होऊन गाल पुसले गेले तेव्हा रोसविताही दारात येऊन उभी होती.

“बोल,” पपा म्हणाले.

“सांगा,” लिंडलार म्हणाले. ते मला अजून तुम्ही म्हणत. लग्न व्हायचं होतं.

मी डाव्या गालावरून हात फिरवला. उजव्या गालावरून फिरवला. गालांनी मला काहीही सांगितलं नाही. डावा छान होता. उजवाही छान होता. मला एवढंच दिसत होतं, की डावा म्हटलं तर चर्चचा एक बाक रिकामा होतो आणि उजवा म्हटलं तर दुसरा, आणि कुठला कुठला हेही मला ठाऊक नाही. अशा वेळी शिकलेला माणूस जे करतो ते मी केलं.

“दोन्ही पद्धतींचे आपापले गुण आहेत,” मी म्हणालो.

“हे शाळेत सांग,” पपा म्हणाले.

“गाल दोन आहेत, उत्तर एकच द्यायचंय,” लिंडलार म्हणाले.

“डावीकडे जरा मऊपणा आहे. पण उजवीकडचा मऊपणा अधिक, कसं म्हणू, मुद्देसूद आहे.”

“मुद्देसूद?” दोघे एकदम म्हणाले.

रोसविता पुढे आली. तिने बोटांची मागची बाजू आधी माझ्या एका गालावरून आणि मग दुसऱ्या गालावरून फिरवली, खांदे उडवले आणि बापाकडे वळली.

“ह्याला काय विचारता? ह्याला कशाला कळेल? हा वर्षभर विजेच्या यंत्राने दाढी करतोय.”

दगडावरचं पाणी टेबलाच्या कडेने खाली ठिबकत होतं.

“मीच दिलंय त्याला,” ती म्हणाली. “शाळेत ठेवतो. दक्षिण अमेरिकेच्या मागे.”

लिंडलारांनी दाढीत हात घातला आणि तो तिथेच राहिला. “तू? हुगो लिंडलारची मुलगी? दुकानात जाऊन? सगळ्यांसमोर?”

“कागदात बांधून घेतलं.”

पपा खाली बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शनिवार म्हणून न्हाणीघराच्या फळीवरून आणून ठेवलेला माझा रोजचा वस्तरा शेजारीच पडला होता, तो त्यांनी उघडला आणि धारेवरून अंगठा फिरवला.

“दर शनिवारी बघायचो,” ते म्हणाले. “जशी दिली तशीच धार परत. वर्षभर. केसभरही इकडची तिकडे नाही.” त्यांनी वस्तरा मिटला. “मला वाटलं, मीच इतका चांगला झालोय.”

“पपा, मी...”

“गिल्डच्या सभेत, सगळ्या धारवाल्यांसमोर सांगितलं मी. उभं राहून सांगितलं, की माझी धार वर्ष टिकते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लिंडलारांनी नजर खिडकीकडे वळवली. दुसऱ्याच्या घरातल्या दुःखाकडे बघायचं नाही एवढं वळण त्यांना होतं. मला वाटलं, आता दोन्ही बाक रिकामे. मी मनात रोसवितावर रागावायला सुरुवात करत होतो, तेवढ्यात पपा ताडकन उठले. त्यांनी कपाटातून ती मऊ कातड्याची गुंडाळी काढली, सोन्याचा वस्तरा बाहेर घेतला आणि काळ्या पट्टीचा एक लांब तुकडा फाडला.

“काय करताय?” लिंडलारांनी विचारलं.

“तुमचं म्हणणं खरं. पट्टी लावतो.”

“पट्टी? आता?”

“ह्याला दाढी करायची नाहीये, हा वस्तरा भिंतीवर टांगणार. टांगायच्या वस्तूला कोन कशाला हवा? निदान सोनं तरी राहू दे. पाहुणे बघतील, छान म्हणतील.” आणि त्यांनी पट्टी वेलावर दाबून बसवली.

“भिंतीवर?” लिंडलारांचा आवाज चढला. “माझं काम भिंतीवर? मी काय ताटल्या रंगवतो? काढा ती पट्टी!”

“तुम्हीच आणलीत ती.”

“काढा म्हणतो ना! वस्तरा आहे तो. दाढीसाठी केलाय. घासा! वेल जाऊ दे, पानं जाऊ देत, सगळं सोनं जाऊ दे, पण ह्या माणसाने ह्याच वस्तऱ्याने दाढी केली पाहिजे.”

“इतकं सुंदर काम मी उगाच घासणार नाही. दगडाला हात लावणार नाही मी.”

“एवाल्ट, पट्टी काढ!”

“हुगो, हात सोड, कापेल!”

दोघे टेबलाच्या दोन बाजूंनी एकाच वस्तऱ्याला धरून उभे होते. एक जन्मभर ज्याच्या विरोधात होता ते आता दुसऱ्याकडून मागत होता, आणि दुसरा ते द्यायला तयार नव्हता. तीस वर्षांचं ‘तुम्ही’ कधी गळून पडलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आमच्याकडे ‘तू’ म्हणायला सुरुवात करायची तर वडीलधाऱ्याने वाइनचा पेला पुढे करून रीतसर म्हणावं लागतं. इथे पेला नव्हता, पुढे केलेला होता तो वस्तरा.

आई पंचाची घडी करत म्हणाली, “भांडण तेच, फक्त बाजू बदलल्या. चला, सोयरीक झाली.”

“निकाल मी द्यायचा होता,” मी म्हणालो. त्या दुपारी मी पहिल्यांदाच सरळ बोलत होतो. “देतो. पट्टी नको. मी ह्यानेच दाढी करणार.”

पपांनी माझ्याकडे पाहिलं. “रोज?”

“रोज.”

“शब्दावर माझा विश्वास नाही. पण ठीक आहे, धार सांगेल मला.”

“मला सोनं सांगेल,” लिंडलार म्हणाले. “जितकं जाईल तितकी दाढी. दर नाताळला बघणार.”

“बघ ना. भिंग घेऊन ये,” पपा म्हणाले.

मग पपांनी पट्टी काढली. वेलाच्या दिशेने, सावकाश, एकही पान उचकटू न देता. दगड धुतला, ताजं पाणी टाकलं आणि वस्तरा निजवला. पहिल्याच हाताला दगडावरच्या पिवळ्या गाळात एक बारीक झळाळी आली. लिंडलारांचा जबडा दाढीच्या आत हलला, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. शेवटपर्यंत बघितलं. पपा जेवढं हवं तेवढंच घासत होते. मी त्यांना इतक्या जपून काम करताना कधी पाहिलं नव्हतं. वस्तरा पुसून त्यांनी लिंडलारांच्या हातात दिला. वेलाच्या मधून, दोन्ही अंगांना, पोलादाची एक उघडी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

लिंडलारांनी खिशातून भिंग काढलं. खूप वेळ पाहिलं.

“रेघ सरळ आहे,” ते म्हणाले.

“वेलही सरळ होता,” पपा म्हणाले. “नाहीतर रेघ सरळ आली नसती.”

एवढ्यावर दोघे कॉफीला गेले. लग्नाला दोन्ही बाक भरलेले होते. फोटोत माझ्या हनुवटीवर कापसाचा बोळा दिसतो. सवय सुटलेली असली की असं होतं. ते यंत्र पपांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि कारखान्यात स्क्रू काढून उघडं केलं. त्यातल्या जाळीकडे त्यांनी एक दुपार बघत काढली. “चांगली घासलीय,” एवढंच बोलले. पुन्हा कधी जोडलं नाही.

आता दिलेल्या शब्दाबद्दल. मी शिकलेला माणूस. पहिल्याच वर्षी मी पळवाट शोधली. पैसे साठवून दुसरं यंत्र घेतलं, ह्या वेळी आफ्रिकेच्या मागे ठेवलं, आणि डिसेंबर आला की दगडावर वस्तरा चार-सहा हात फिरवायचा बेत केला, म्हणजे सोनं जाईल आणि सासरे खूश. सोनं गेलं. सासरे खूश झाले. पण पपांनी अंगठा फिरवला आणि भुवया उंचावल्या. “नाताळपर्यंत इतकी ताजी? तुझ्या दाढीला केस नाहीत की काय?” दगडावर घासलेली धार वापरलेली दिसत नाही. पुढच्या वर्षी मी धार मुद्दाम बोथट करायला लाकडाच्या तुकड्यावर फिरवली. पपांनी लगेच विचारलं, “पेन्सिली तासतोस का?” सोनं न घालवावं तर एक म्हातारा पकडतो, ते घालवावं तर दुसरा. दोघांना एकदम फसवायचा मी पुष्कळ विचार केला. सोनंही झिजेल आणि धारही केसांनीच मोडेल अशी एकच रीत सापडली. रोज सकाळी फेस करून त्या वस्तऱ्याने दाढी करायची आणि लागेल तेव्हा बिनपट्टीने दगडावर निजवायचा. आफ्रिकेमागचं यंत्र मी शिपायाला देऊन टाकलं.

तेव्हापासून दर नाताळला वाफल वाढायच्या आधी वस्तरा टेबलावर येतो. पपा धार बघतात, मान हलवतात, पुढे देतात. मग हुगो भिंग काढतात. पोलादाची रेघ वर्षावर्षाला रुंद होत गेली. आधी देठ गेले, मग शिरा, मग पानांच्या कडा. गेल्या नाताळला त्यांनी पाठ खिडकीकडे धरून इकडून पाहिली, तिकडून पाहिली, मुठीशी जिथे शेवटचं पान होतं तिथे नखाने चाचपलं, आणि समाधानाने भिंग खिशात टाकलं.

“छान,” ते म्हणाले. “काहीच उरलं नाही.”